युरोव्हिजन गीतस्पर्धा : पहिल्यांदा बघणाऱ्यांना पडणारे प्रश्न

दरवर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी मी संध्याकाळी लवकर जेवून झोपून घेते आणि रात्री सव्वाबाराचा गजर लावते. घरच्यांना याची आता सवय झाली आहे, पण मित्रमैत्रिणी आणि ऑफिसमधले लोक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

युरोव्हिजन म्हणजे नेमकं काय?

देशादेशांमधली गाण्याची स्पर्धा, टीव्हीवर थेट दाखवली जाणारी. भाग घेणाऱ्या प्रत्येक देशाची सार्वजनिक प्रसारण संस्था, म्हणजे आपल्याकडे जसं दूरदर्शन, एक नवं गाणं पाठवते. मंगळवारी आणि गुरुवारी उपांत्य फेऱ्या होतात आणि शनिवारी अंतिम फेरी. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात स्पर्धा झाली तेव्हा ३७ देश होते आणि आयोजकांच्या आकडेवारीप्रमाणे सुमारे १६ कोटी ६० लाख लोकांनी ती पाहिली.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. ही स्पर्धा गाण्यांची आहे, गायकांची नाही. गायक कुठल्याही देशाचा चालतो. सेलीन डिऑन कॅनडाची, पण १९८८ मध्ये डब्लिनला ती स्वित्झर्लंडसाठी गायली आणि एका गुणाने जिंकली.

गाणं कसं निवडायचं हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. स्वीडनमध्ये त्यासाठी अनेक आठवडे चालणारी वेगळी स्पर्धाच असते आणि अख्खा देश ती बघतो. इटलीत सान रेमोचा गीतमहोत्सव जिंकणाऱ्याला पहिला मान मिळतो. काही ठिकाणी वाहिनीचे अधिकारी बंद खोलीत ठरवून मोकळे होतात.

हे सुरू कुणी केलं?

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९५० मध्ये युरोपातल्या प्रसारण संस्थांनी मिळून युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन स्थापन केली. पुढे सगळे तिला ईबीयू म्हणू लागले. एका देशातलं चित्र दुसऱ्या देशात त्याच क्षणी दाखवणं हे तेव्हा मोठं आव्हान होतं. उपग्रह नव्हते. डोंगरमाथ्यांवरच्या मनोऱ्यांवरून संदेश एकेक टप्पा पुढे ढकलावा लागे. ही साखळी नियमित वापरली जावी, लोकांनी एकत्र काहीतरी बघावं, म्हणून गाण्यांच्या स्पर्धेची कल्पना पुढे आली. स्विस प्रसारणकर्ते मार्सेल बेझांसाँ यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं आणि नमुना डोळ्यांसमोर होता तो सान रेमोचा.

पहिली स्पर्धा २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात एका नाट्यगृहात झाली. सात देश, प्रत्येकाची दोन गाणी. घरोघरी टीव्ही नव्हते, त्यामुळे बहुतेकांनी ती रेडिओवर ऐकली. यजमान देशाच्या लिस आसियाचं गाणं जिंकलं. कुणाला किती मतं मिळाली हे मात्र कधीच जाहीर झालं नाही. परीक्षकांना स्वतःच्या देशालाही मत देता येत होतं. शिवाय लक्झेम्बर्गने आपले परीक्षक पाठवलेच नव्हते आणि आपल्या वतीने मतं देण्याचं काम स्विस परीक्षकांवर सोपवलं होतं. स्वतःच्या देशाला मत देण्याचा नियम पुढच्याच वर्षी बदलला.

युरोपची स्पर्धा आहे ना? मग इस्रायल आणि ऑस्ट्रेलिया त्यात कसे?

सदस्यत्व नकाशातल्या खंडावर ठरत नाही, ते प्रसारण संस्थांच्या संघटनेवर ठरतं. दूरसंचाराच्या हिशेबात आखलेल्या ‘युरोपीय प्रसारण क्षेत्रा’त उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाचा काही भाग येतो. त्यामुळे इस्रायल १९७३ पासून आहे आणि मोरोक्को १९८० मध्ये एकदाच येऊन गेला. लेबनॉनने २००५ साठी गाणं निवडलं होतं, पण इस्रायलचं गाणं न वगळता दाखवण्याची हमी त्यांच्या वाहिनीला देता आली नाही आणि त्यांनी माघार घेतली.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे युरोपातून गेलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि तिथली एक वाहिनी कितीतरी वर्षं ही स्पर्धा दाखवत आली होती. स्पर्धेच्या साठाव्या वर्षी, २०१५ मध्ये, त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं आणि ते राहिले. तिकडे अंतिम फेरी रविवारी पहाटे असते. आपलं साडेबाराचं जागरण त्यापुढे सोपंच म्हणायचं.

गाण्यासाठी नियम काय असतात?

गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही. रंगमंचावर जास्तीत जास्त सहा जण. गायकाचं वय किमान सोळा. गाणं आदल्या वर्षीच्या एक सप्टेंबरच्या आधी प्रसिद्ध झालेलं नसावं. रंगमंचावर प्राणी आणता येत नाहीत.

तीन मिनिटांची मर्यादा सुरुवातीला एवढी कडक नव्हती. १९५७ मध्ये इटलीचं गाणं पाच मिनिटांच्या वर गेलं आणि त्यानंतर वेळेचा नियम नीट पाळला जाऊ लागला. ही मर्यादा मला आवडते. तीन मिनिटांत आलाप लांबवायला जागा नसते. जे सांगायचं ते पहिल्या वीस सेकंदांत ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं नाही तर गाणं गेलंच.

ते खरंच लाइव्ह गातात का?

मुख्य गायक लाइव्ह गातो, वाद्यं मात्र आधीच ध्वनिमुद्रित असतात. १९९८ पर्यंत समोर खराखुरा वाद्यवृंद बसायचा आणि प्रत्येक देश आपला संचालक घेऊन यायचा. १९९९ पासून वाद्यवृंद गेला तो गेलाच. जुन्या ध्वनिचित्रफिती बघताना मला त्याची उणीव फार जाणवते. संचालक उठून प्रेक्षकांना अभिवादन करतो, वाद्यांकडे वळतो, हात वर करतो, तो क्षण आता बघायला मिळत नाही. २०२१ पासून मागच्या साथीचे आवाजही आधी ध्वनिमुद्रित करून वापरायला परवानगी आहे.

दोन गाण्यांच्या मध्ये पुढच्या देशाची छोटी चित्रफीत दाखवतात, तिला ‘पोस्टकार्ड’ म्हणतात. जेमतेम पाऊण मिनिटाची. ते बघताना आपण चहाचा घोट घेतो आणि तेवढ्या वेळात काळे कपडे घातलेली माणसं आधीचं सगळं सामान बाहेर काढून पुढचं आत आणतात. जिने, पियानो, आरसे, आगीची यंत्रं, कधी चालण्याचा पट्टासुद्धा. सव्वीस गाणी, थेट प्रक्षेपण, चुकीला जागा नाही. गणपतीच्या मंडपात किंवा एकांकिका स्पर्धेत ज्यांनी दोन प्रयोगांमध्ये नेपथ्य बदललं आहे त्यांना या पाऊण मिनिटाची किंमत सांगावी लागणार नाही.

मतदान कसं चालतं? ते बारा गुण म्हणजे काय?

मतमोजणी हा या स्पर्धेचा अर्धा प्राण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रत्येक देश गुणांचे दोन संच देतो. एक संगीतक्षेत्रातल्या परीक्षकांचा, दुसरा प्रेक्षकांचा. दोन्हींत पद्धत एकच. सगळ्यांत आवडलेल्या गाण्याला बारा, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला आठ आणि मग सात, सहा असं एकपर्यंत. म्हणजे दहाच गाण्यांना काही मिळतं, बाकीच्यांना शून्य. ही मोजणी १९७५ पासून चालत आली आहे. निकाल पूर्वी इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत सांगत, त्यामुळे ‘दूझ प्वाँ’, म्हणजे बारा गुण, हे फ्रेंच शब्द सगळ्या युरोपच्या तोंडी बसले.

स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. सगळ्या नियमांत हा नियम मला फार मोलाचा वाटतो. पोलंडमधल्या आजोबांना पोलंडसाठी फोन करताच येत नाही. त्यांना मत द्यायचं असेल तर दुसऱ्या कुणाचं तरी गाणं आवडून घ्यावंच लागतं.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट ही की परीक्षक शनिवारचा कार्यक्रम बघून गुण देत नाहीत. ते शुक्रवारी संध्याकाळी होणारी पूर्ण रंगीत तालीम बघतात आणि त्यावर गुण देतात. एखादा गायक शनिवारी जीव ओतून गायला आणि तरी परीक्षकांकडून त्याला कमी गुण मिळाले, तर शुक्रवारी आवाज बसला होता का, हे आधी बघायचं.

शनिवारी गाणी संपली की एकेका देशाचा प्रतिनिधी पडद्यावर येतो आणि आपल्या परीक्षकांचे बारा गुण जाहीर करतो. ते झाल्यावर प्रेक्षकांचे गुण सगळ्या देशांचे मिळून एकदम सांगतात. परीक्षकांच्या यादीत जो तळाला आहे त्याच्यापासून सुरुवात आणि जो पहिला आहे त्याचा आकडा सगळ्यांत शेवटी. त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत निकाल कळत नाही. ही दुहेरी पद्धत २०१६ मध्ये आली आणि त्याच वर्षी तिने कमाल केली. परीक्षकांत पहिला ऑस्ट्रेलिया, प्रेक्षकांत पहिला रशिया आणि बेरीज केल्यावर जिंकला युक्रेन.

बरोबरी झाली तर? १९६९ मध्ये माद्रिदला चार देशांना सारखेच गुण पडले. स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स, फ्रान्स. बरोबरी सोडवायचा नियमच केलेला नव्हता, म्हणून चौघेही विजेते ठरले. त्यावरून एवढी नाराजी झाली की पुढच्या वर्षी काही देश आलेच नाहीत. मग नियम झाला आणि १९९१ मध्ये तो लागलाही. स्वीडन आणि फ्रान्स, दोघांचे १४६. दोघांना बारा गुण सारख्याच वेळा मिळाले होते. मग दहा कुणाला जास्त वेळा मिळाले ते मोजलं आणि स्वीडन जिंकला.

शेजारी शेजाऱ्यालाच मत देतात, मग निकाल ठरलेलाच असतो का?

शेजारी एकमेकांना देतात हे खरं. ग्रीस आणि सायप्रस यांची एकमेकांना बारा गुणांची देवाणघेवाण इतकी ठरलेली आहे की सभागृहात आकडा येण्याआधीच लोक ओरडतात. पण याला लबाडी म्हणणं मला पटत नाही. दोन्हीकडे ग्रीक बोलतात, तेच गायक ऐकतात, तेच ताल लग्नात वाजतात. कानाला ओळखीचं असलेलं गाणं आवडणारच. परदेशात राहणारे लोकही मूळ देशाला मत देतात. त्याला नियमात मनाई नाही, कारण बंदी फक्त राहत्या देशाला मत देण्यावर आहे.

पण शेजाऱ्यांच्या मतांवर पहिला नंबर येत नाही. पोर्तुगालला लागून एकच देश, स्पेन. १९६४ पासून पोर्तुगाल भाग घेत होता आणि अर्धं शतक उलटलं तरी त्याला विजय मिळाला नव्हता. २०१७ मध्ये साल्व्हाडोर सोब्राल नावाचा तरुण ढगळ काळ्या कोटात उभा राहिला. बहिणीने रचलेलं संथ गाणं त्याने पोर्तुगीजमध्ये म्हटलं. आग नाही, नाच नाही. ७५८ गुण मिळाले, परीक्षकांतही पहिला आणि प्रेक्षकांतही पहिला.

कधी कुणाला शून्य मिळालं आहे का?

हो, अनेकदा. १९७८ मध्ये नॉर्वेच्या यान टाइगेनला एकही गुण मिळाला नाही आणि तेच गाणं त्याच्या देशात तुफान गाजलं. २०२१ मध्ये ब्रिटनच्या गायकाला परीक्षकांकडूनही शून्य आणि प्रेक्षकांकडूनही शून्य. तो उठून उभा राहिला, हात उंचावले आणि रॉटरडॅमच्या सभागृहाने त्याच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट केला.

सगळे इंग्रजीतच का गातात?

सगळे गात नाहीत, आणि या प्रश्नाचं उत्तर मला नेहमी मनापासून द्यावंसं वाटतं.

सुरुवातीला भाषेचा नियम नव्हता, कारण प्रत्येक जण आपल्या भाषेत गाणार हे गृहीतच होतं. १९६५ मध्ये स्वीडनने इंग्रजी गाणं आणलं आणि पुढच्या वर्षी नियम झाला की देशाच्या भाषेतच गायचं. १९७३ ते १९७६ तो उठवला होता आणि त्याच चार वर्षांत स्वीडनचा पॉप गट ॲबा जिंकला, इंग्रजीत. १९७७ ला नियम परत आला आणि १९९९ ला कायमचा गेला. त्यानंतर इंग्रजीचा पूर आला हे खरं. पूर्णपणे इंग्रजीबाहेरच्या भाषेत जिंकलेली गाणी त्यानंतर थोडीच. २००७ चं सर्बियन, २०१७ चं पोर्तुगीज, २०२१ चं इटालियन, २०२२ चं युक्रेनियन.

पण जिंकणाऱ्यांच्या यादीवरून या स्पर्धेचं मोजमाप करू नका. १९८९ मध्ये स्वित्झर्लंडने रोमान्श भाषेतलं गाणं पाठवलं. ती डोंगरातल्या थोड्याशा खोऱ्यांमध्ये बोलली जाते. फ्रान्सने १९९६ आणि २०२२ मध्ये ब्रेटन भाषा पाठवली, एके काळी फ्रान्सच्या शाळांमध्ये जी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे ती. आयर्लंडने आयरिश भाषेत फक्त एकदा गायलं, १९७२ मध्ये. नॉर्वेच्या गाण्यांत उत्तरेकडच्या आदिवासी सामी लोकांचं ‘योइक’ गायन १९८० मध्ये आलं आणि २०१९ मध्ये पुन्हा आलं, तेव्हा प्रेक्षकांच्या मतांत ते गाणं पहिलं होतं. बेल्जियमला तर फ्रेंच आणि डच यांतली कुठली भाषा हा घरातलाच वाद. २००३ मध्ये त्यांनी कुणाचीच नसलेली, मनाने रचलेली भाषा गायली आणि फक्त दोन गुणांनी पहिला क्रमांक हुकला.

२०१२ मध्ये अझरबैजानमधल्या बाकूला रशियाकडून सहा आज्या आल्या. उदमुर्तिया भागातल्या बुरानोवो गावच्या, अंगावर पारंपरिक कपडे, रंगमंचावर भट्टी. भाकरी भाजता भाजता त्यांनी आपल्या उदमुर्त भाषेत गायलं आणि ध्रुवपदाच्या काही ओळी इंग्रजीत. स्टॅलिनच्या काळात पाडलेलं गावचं चर्च पुन्हा बांधायचं, त्यासाठी पैसे हवेत, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या दुसऱ्या आल्या. रशियातल्या कितीतरी लोकांनी ती भाषा त्या रात्री पहिल्यांदा ऐकली असेल, युरोपाची तर गोष्टच सोडा.

२०२५ मध्ये स्वीडनसाठी गायलेले तिघे मुळात स्वीडनचे नव्हतेच. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारा एक छोटा समाज आहे, त्यातल्या वोरो गावचे ते. सौनावरचं गमतीदार गाणं त्यांनी आपल्या गावच्या बोलीत गायलं. स्वीडनची निवडस्पर्धा ते जिंकतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण स्वीडनच्या लोकांनी त्यांनाच निवडलं. १९९८ नंतर स्वीडनकडून आलेलं स्वीडिश भाषेतलं हे पहिलं गाणं, आणि तेही सीमेपलीकडच्या बोलीत. आपल्याकडे तंजावरच्या मराठीतलं गाणं महाराष्ट्राने निवडून पुढे पाठवावं, तसं काहीसं. ते चौथे आले. मला त्या रात्री रडू आलं होतं, आनंदाचं.

उलट बाजूही सांगायला हवी. त्याच वर्षी माल्टाच्या गाण्यात ‘कांत’ हा शब्द होता. माल्टी भाषेत त्याचा अर्थ गाणं, गायन. इंग्रजी कानाला तो एका शिवीसारखा ऐकू येतो म्हणून आक्षेप घेतला गेला आणि माल्टाला तो काढावा लागला. गायनाच्या स्पर्धेत स्वतःच्या भाषेतला ‘गायन’ हा शब्द उच्चारता येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

जिंकल्यावर काय मिळतं?

काचेचा मायक्रोफोन. रोख बक्षीस नसतं. आणि पुढच्या वर्षीचं यजमानपद, जे मानाचं असतं आणि खर्चाचंही. मोनॅको १९७१ मध्ये जिंकला, पण त्याच्याकडे तेवढी जागाच नव्हती, म्हणून स्पर्धा एडिनबराला झाली. इस्रायल १९७८ आणि १९७९ असं लागोपाठ जिंकला आणि १९८० चं यजमानपद त्याने नाकारलं.

आयर्लंड १९९२ ते १९९४ सलग तीनदा जिंकला. त्यातल्या एका वर्षी, १९९३ मध्ये, स्पर्धा भरली मिलस्ट्रीटला. दीड हजार वस्तीचं गाव आणि सभागृह म्हणजे घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धांसाठी बांधलेली बंदिस्त जागा. गावातल्या एका व्यावसायिकाने पत्र लिहून ती देऊ केली होती. सबंध युरोपाचे कॅमेरे त्या गावात आले.

एकूण विजयांत आयर्लंड आणि स्वीडन बरोबरीने पुढे आहेत, प्रत्येकी सात. दोनदा जिंकलेले गायक दोनच. आयर्लंडचा जॉनी लोगन आणि स्वीडनची लोरीन.

काही देश थेट अंतिम फेरीत जातात, हे बरोबर आहे का?

यजमान देश आणि सगळ्यांत जास्त पैसे भरणारे मोठे देश थेट जातात. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, २०११ मध्ये परत आल्यापासून इटली आणि २०२५ पर्यंत स्पेन. बाकीच्यांनी उपांत्य फेरीतून यायचं, प्रत्येक फेरीतून दहा जण. अन्याय्य वाटतं, आणि मलाही वाटतं. पण थेट जाण्याचा फायदा होतोच असं दिसत नाही, कारण हे मोठे देश बरेचदा तळाला असतात.

गाण्यांचा क्रम २०१३ पासून निर्माते ठरवतात, आधी चिठ्ठ्या काढत. दुसऱ्या क्रमांकावर गाणारा आजवर एकदाही जिंकलेला नाही, म्हणून त्या जागेची सगळ्यांना धास्ती.

यात राजकारण असतं का?

असतं. नियमाप्रमाणे गाणं राजकीय नसावं, पण देश आपली सगळी दुखणी घेऊनच येतात.

१९६८ मध्ये स्पेनचं गाणं जोआन मानुएल सेराट गाणार होता. त्याला ते कॅटलान या स्पेनमधल्याच प्रादेशिक भाषेत गायचं होतं. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने नकार दिला, तो बाजूला झाला, मासिएल नावाच्या गायिकेने ते स्पॅनिशमध्ये गायलं आणि जिंकली.

१९७४ ची गोष्ट त्याहून मोठी. ब्रायटनला ॲबा जिंकले ती रात्र सगळ्यांना आठवते. त्याच रात्री पोर्तुगालच्या गाण्याला तीन गुण मिळाले आणि ते शेवटच्यांत आलं. निरोपाचं साधं प्रेमगीत, पाउलो द कार्व्हाल्यूने गायलेलं. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने ते लावलं. बंड करायच्या तयारीत असलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांसाठी ती पहिली खूण होती. दुसऱ्या दिवशी जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही कोसळली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली.

१९९३ मध्ये मिलस्ट्रीटला बोस्नियाचा संघ आला तो युद्धात वेढा पडलेल्या राजधानी सारायेव्होमधून, रात्री विमानतळाची धावपट्टी गोळीबारात पळत ओलांडून. त्यांचा वाद्यवृंद संचालक शहरातून बाहेर पडू शकला नाही. आयरिश संचालकाने त्यांचं गाणं चालवलं. मतदानाच्या वेळी खरखरणाऱ्या फोनवरून सारायेव्होचा आवाज आला आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं.

२०१६ मध्ये युक्रेनच्या जमालाने क्रिमियन तातार लोकांच्या १९४४ मधल्या हद्दपारीवरचं गाणं गायलं. तिच्या पणजीच्या कुटुंबावर ओढवलेलं ते दुःख, ध्रुवपद तातार भाषेत. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियाला वगळलं. त्या वर्षी युक्रेनला प्रेक्षकांनी ४३९ गुण दिले, आजवरचे सर्वाधिक. युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा युक्रेनच्या वतीने लिव्हरपूलला घेतली.

आणि गाझातल्या युद्धामुळे इस्रायलने भाग घ्यावा की नाही हा वाद. २०२५ मध्ये इस्रायल प्रेक्षकांच्या मतांत पहिला आला, त्यानंतर मतदानाच्या पद्धतीबद्दल काही वाहिन्यांनी प्रश्न विचारले. इस्रायलला खेळू देण्याचं ठरल्यावर २०२६ च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेतून स्पेन, आयर्लंड, नेदरलँड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलँड यांनी माघार घेतली. २०२४ ची स्पर्धा जिंकणाऱ्या नेमो यांनी आपली ट्रॉफी परत करायचं जाहीर केलं. सात वेळा जिंकलेला आयर्लंड नसलेली स्पर्धा, ही कल्पना मला अजून पचलेली नाही. त्यांच्या निर्णयामागचा विवेक मी समजू शकते.

भारताशी काही संबंध?

भारत ईबीयूच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे भाग घेत नाही. पण दोन गायक आपल्याकडे जन्मलेले आहेत. क्लिफ रिचर्डचा जन्म १९४० चा, लखनौचा. मासिएल जिंकली त्या १९६८ च्या स्पर्धेत ब्रिटनसाठी गाताना तोच एका गुणाने दुसरा आला. २९ विरुद्ध २८. दुसरा एंगलबर्ट हंपरडिंक, जन्म १९३६, मद्रासचा. तो २०१२ मध्ये वयाच्या शहात्तराव्या वर्षी ब्रिटनसाठी गायला, त्याच बाकूच्या आज्यांच्या स्पर्धेत, आणि शेवटून दुसरा आला.

भारतातून बघता येतं का? मत देता येतं का?

दोन्ही येतं. स्पर्धेच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर थेट प्रक्षेपण असतं. युरोपात रात्री नऊला सुरू होतं, म्हणजे आपल्याकडे साडेबाराला. मंगळवारची फेरी आपली बुधवारी पडते, गुरुवारची शुक्रवारी, शनिवारची रविवारी. अंतिम फेरी संपेपर्यंत साडेचार वाजतात, दूधवाला यायची वेळ होते. पहिल्या वर्षी नुसती अंतिम फेरी बघा.

२०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येतं. कार्डावरून थोडे पैसे जातात. भारत, अमेरिका, जपान, केनिया, सगळ्यांची मतं एकत्र होतात आणि ‘उर्वरित जग’ या नावाने एका देशाच्या प्रेक्षकांइतके गुण दिले जातात. मी दर वर्षी देते. इंग्रजी गाणं कितीही आवडलं तरी मत त्या रात्रीच्या सगळ्यांत छोट्या भाषेला.

मुलांना दाखवावं का?

दाखवा, उशिराचा प्रश्न असेल तर दुसऱ्या दिवशी. कपडे आणि नाच आधी एकदा स्वतः बघून घ्या. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांची वेगळी ज्युनियर स्पर्धाही २००३ पासून भरते.

कुठून सुरुवात करू? सत्तर वर्षांची गाणी आहेत.

आधी सोब्रालचं २०१७ चं बघा, हेडफोन लावून. मग १९७४ चं पोर्तुगालचं, वर सांगितलेली गोष्ट आठवत. मग बुरानोवोच्या आज्या. १९९४ ची डब्लिनची मध्यंतरही चुकवू नका. गाणी संपल्यावर मतं मोजून होईपर्यंत वेळ काढायला म्हणून ठेवलेला सात मिनिटांचा आयरिश नाच, ‘रिव्हरडान्स’, तिथूनच जगभर गेला. त्या सात मिनिटांच्या शेवटी सगळी रांग एकत्र पाय आपटते आणि सभागृह एकदम उभं राहतं, तिथे आवाज मोठा ठेवा.